टीपीए काउंटर, हँडरबची बाटली आणि वीस सेकंद : एका हॉस्पिटलातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधलं एक खासगी हॉस्पिटल, शंभर-सव्वाशे बेडचं. नाव देत नाहीये, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केलेत. मी बाहेरून स्टाफ ट्रेनिंगसाठी, म्हणजे कामाच्या ताणावर ध्यानाचा सराव शिकवायला, जाणाऱ्या टीममध्ये होते, त्यामुळे बरंचसं समोर घडलेलं आहे आणि थोडं नंतर तिथल्या लोकांनी सांगितलेलं.

हॉस्पिटलातला ताण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डॉक्टर नाहीतर सिस्टर येतात. पण तळमजल्यावर बिलिंगच्या शेजारी 'कॅशलेस / टीपीए' अशी पाटी लावलेला एक काउंटर असतो (कॅशलेस म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरायचं, टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी मधली संस्था), आणि ज्यांनी कधी मेडिक्लेमवर पेशंट ॲडमिट केलाय त्यांना तो चांगलाच पाठ असतो. इथे त्या डेस्कवर पाच जण. काम काय तर ॲडमिशन झालं की प्रीऑथ, म्हणजे पहिल्या मंजुरीची विनंती पाठवायची, विमा कंपनीकडून क्वेरी, म्हणजे शंका आली की केसपेपर, रिपोर्ट, डॉक्टरची सही गोळा करून उत्तर द्यायचं, खर्च अंदाजापेक्षा वर गेला की एन्हान्समेंट, म्हणजे वाढीव मंजुरी मागायची, आणि डिस्चार्जच्या दिवशी समरी (आजार-उपचारांचा डॉक्टरांनी दिलेला गोषवारा), फायनल बिल, सगळे रिपोर्ट कंपनीच्या पोर्टलवर चढवून अप्रूव्हलची वाट बघायची. या वाट बघण्याच्या वेळातच सगळी भांडणं होतात.

कारण बघा, डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला पेशंटला सांगून जातात की आज घरी जायचं हं. अकराला नातेवाईक बॅगा भरून काउंटरवर हजर. तोपर्यंत समरी टाइप झालेली नसते, वॉर्डातली उरलेली औषधं फार्मसीला रिटर्न गेलेली नसतात, त्याशिवाय बिल क्लोज होत नाही, बिल क्लोज झाल्याशिवाय फाईल पोर्टलवर जात नाही. फाईल जाते दीड-दोनला, अप्रूव्हल येतं पाचच्या पुढे, आणि मधल्या सगळ्या वेळात माणूस दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारतो, झालं का?

यात मे २०२४ मध्ये एक भर पडली. विमा नियामक आयआरडीएआयने सांगितलं की कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायलाच हवी, उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलचं बिल वाढलं तर तो जास्तीचा खर्च विमा कंपनीने सोसायचा. नियम चांगलाच आहे, पेशंटच्या बाजूचा आहे. पण हे तीन तास मोजायचे हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून, आणि व्हॉट्सॲपवर फिरला फक्त 'तीन तास' एवढाच भाग. त्यामुळे नातेवाईक मोजायचे डॉक्टरांच्या राउंडपासून. एक वाजला की आवाज चढायला सुरुवात, "नियम आहे मॅडम, तीन तास झाले!" आणि काउंटरवरची मुलगी समजावत बसायची की काका फाईल आत्ताच गेलीये. यावर कुठल्या काकांचं समाधान होणार?

अडचण कुठे उघड झाली

डेस्कच्या इनचार्जला आपण इथे ताई म्हणू, डेस्कवर सगळे तसंच म्हणायचे. चाळिशीच्या पुढच्या, याच कामात कित्येक वर्षं काढलेल्या, कुठल्या कंपनीची क्वेरी कशी येणार हे फाईल बघून सांगणाऱ्या. स्टाफच्या वार्षिक तपासणीत त्यांचं बीपी वर आलं, पुन्हा मोजलं तरी वरच. बाकीच्या चौघांपैकी दोघांच्या ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं कायमची. डबा खायची वेळ तीन, साडेतीन, कधी चार, तोही एका हाताने माऊस धरून. सोमवारी डोकेदुखी म्हणून हमखास कोणीतरी सुट्टीवर, कारण शनिवार-रविवारचे तुंबलेले डिस्चार्ज सोमवारी एकदम अंगावर यायचे.

पण खरं सांगायचं तर मॅनेजमेंटला जाग आली ती बीपीमुळे नाही, तक्रारीमुळे. एका आजींना रूमच्या भाड्याच्या लिमिटचं गणित कळत नव्हतं, म्हणजे पॉलिसीत जेवढ्या भाड्याची रूम बसते त्यापेक्षा महाग रूम घेतली की बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होते ते. हे मला तरी पहिल्या फटक्यात कुठे कळलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि ताई सगळ्या लॉबीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या, "आजी, मराठीतच सांगतेय ना?" आजींच्या नातवाने व्हिडिओ काढला. तो बाहेर कुठे गेला नाही, थेट डायरेक्टरांकडे गेला.

त्याच काउंटरच्या मागच्या भिंतीवर २०१० च्या राज्य कायद्याचा बोर्ड आहे, डॉक्टर-नर्स आणि हॉस्पिटलवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हणजे नातेवाईक भडकू शकतात हे गृहीत धरून भिंतीवर बोर्ड आहे, स्टाफ भडकू शकतो याची मात्र कुठेच काही सोय नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात तीन गोष्टी येतात: गळून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. या डेस्कवर दुसरी गोष्ट अगदी कानाने ऐकू यायची. पेशंटला नाव राहिलेलं नव्हतं. "तो क्वेरीवाला आला परत", "ती को-पे वाली बाई" (को-पे म्हणजे बिलातला पेशंटने स्वतः भरायचा हिस्सा). वाईट माणसं नव्हती हो, रोज साठ-सत्तर लोकांचा राग अंगावर घेणाऱ्याने कुठेतरी पडदा ओढलेला असतोच.

काय काय पर्याय होते

एचआर मॅडमनी पहिली मीटिंग बोलावली त्यात विषय होता 'स्टाफसाठी माइंडफुलनेस', म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा सराव. तिथे जे बोललं गेलं ते मी जमेल तसं मांडते.

पहिला पर्याय सोपा होता, एक दिवसाचं लेक्चर. आधी २१ जूनच्या योग दिनाला झालंच होतं, टी-शर्ट वाटले, फोटो निघाले, ज्यांची ड्यूटी होती ते आलेच नाहीत. आणि टीपीए डेस्कची ड्यूटी त्या वेळेला असतेच. हा पर्याय तिथेच पडला.

दुसरा, मेडिटेशन ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन. एचआरला हा आवडला होता कारण बिल ठरलेलं आणि काम झाल्याचं दाखवता येतं. यावर हॉस्पिटलचे एक फिजिशियन, स्वभावाने तिरकस माणूस, म्हणाले की ऑक्सफर्डच्या एका संशोधकाचा २०२४ चा अभ्यास बघा, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधले ४६,३३६ कर्मचारी, आणि ॲप, रेझिलियन्स ट्रेनिंग, माइंडफुलनेस अशा एकेकट्या माणसासाठीच्या उपायांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे आहेत असं काही दिसलं नाही. मग त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली. ध्यानावरच्या ४७ चाचण्या, साडेतीन हजारांवर लोक, अशी अमेरिकेत २०१४ मध्ये जी पाहणी झाली तिच्यात चिंता, नैराश्य आणि वेदना या तिन्हीत छोटा ते मध्यम फायदा होतो याला मध्यम दर्जाचा पुरावा दिसला होता. म्हणजे नीट शिकवलेलं, नीट केलेलं ध्यान उपयोगी पडतं, पण ऑफिसने ॲप दिलं म्हणून ऑफिसचा ताण जात नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं असं ते म्हणाले आणि मला ते पटलं.

तिसरा पर्याय नाशिकात बसून कोणी काढला नसता तरच नवल, इगतपुरी. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र तासाभराच्या अंतरावर, दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर, फी नाही. ॲडमिन सर स्वतः करून आलेले आणि अगदी मनापासून सांगत होते. पण दहा दिवस मौन, फोन बंद, पाच जणांच्या डेस्कमधून एकाला पाठवायचं म्हणजे उरलेल्या चौघांवर काय होईल? आणि कामाच्या ठिकाणाहून 'पाठवणं' हेच मुळात चुकीचं, तिथे माणसाने स्वतःहून जायचं असतं. ज्याला जायचंय त्याला रजा देऊ एवढं ठरलं.

चौथा, आठ आठवड्यांचा पद्धतशीर कोर्स, ज्याला एमबीएसआर (माइंडफुलनेसच्या आधाराने ताण कमी करणं) म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी सुरू केलेला, दर आठवड्याला अडीच तासांच्या आसपास वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव. मी हा पर्याय मांडला तेव्हा ताई पहिल्यांदा बोलल्या, "पाऊण तास? मॅडम, पाऊण तास मिळाला तर मी झोपेन." हशा पिकला, पण निर्णय त्या वाक्यावरच झाला असं मला वाटतं.

आणि पाचवा पर्याय ताईंनीच शेवटी हळू आवाजात सांगितला, एक माणूस वाढवा. त्यावर कोणी काही बोललं नाही, चहा आला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण अशा बहुतेक मीटिंगमध्ये हे असंच होतं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, येत नाही.

काय ठरलं आणि कसं केलं

ठरलं ते असं की वेगळा वेळ लागणार नाही इतकं छोटं काहीतरी घ्यायचं, ड्यूटीतच करायचं, आणि जो नको म्हणेल त्याला का असं विचारायचं नाही.

सकाळची दहा मिनिटांची बैठक ठेवली. पहिल्यांदा वेळ ठरली पावणेनऊ, कारण काउंटर नऊला उघडतो. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी येईना. विचारलं तर म्हणाली, सिन्नरवरून येते, आधीची बस धरायची तर घरचा स्वयंपाक पाचला उठून करावा लागतो, ताण कमी करायला एवढ्या पहाटे उठू का? इथे एचआर मॅडमचं कौतुक, त्यांनी काउंटर उघडायची वेळ नऊ दहा केली आणि तसा कागद काचेवर चिकटवला. दहा मिनिटं हॉस्पिटलने दिली, स्टाफच्या झोपेतून काढली नाहीत. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि दिसायला केवढा फुटकळ.

बैठकीत काय तर खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे, श्वास येतो-जातो तो बघायचा, मन पोर्टलवर पळालं की परत आणायचं. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. ओमकार, मंत्र, पार्श्वसंगीत काही नाही, कारण योग दिनाच्या वेळी डेस्कवरची एक जण मंत्र होता म्हणून मागे उभी राहिली होती आणि नंतर कोणीतरी तिला टोमणा मारला होता.

आता हँडरबचं. हॉस्पिटलात प्रत्येक काउंटरवर हँडरबची, म्हणजे हात निर्जंतुक करायच्या द्रवाची, बाटली असते, आणि तो हाताला नीट चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात, तशी पद्धतच सांगितलेली आहे. डेस्कवरचे लोक एक पंप मारून तीन सेकंदात हात झटकायचे. मग ठरवलं की एक माणूस उठून गेला आणि दुसरा बसला की मधे हे वीस सेकंद पूर्ण घ्यायचे. तळव्यावर गार लागतं ते जाणवू द्यायचं, तळहात, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि चोळता चोळता श्वास सावकाश बाहेर सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात हे शरीराचं साधं गणित आहे, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. हात वाळले की स्क्रीनकडे बघायच्या आधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि फाईलवरचं नाव घ्यायचं. बस, एवढंच.

याचा फायदा असा की समोरच्याला तुम्ही ध्यान करताय हे कळत नाही, त्याला वाटतं स्वच्छता पाळतायत. लाइन लागलेली असताना काउंटरवर डोळे मिटून बसलात तर लोक काच फोडतील!

तिसरी गोष्ट डब्याची, आणि भांडण झालं ते याच्यावरून. वीस मिनिटं, पँट्रीत, फोन आणि स्क्रीनशिवाय, आळीपाळीने. दोन जण म्हणाले की आम्ही उठलो की आमच्या फाईल दुसऱ्याच्या गळ्यात पडतात आणि तो चुका करतो. खरंही होतं ते. मग एक वही ठेवली, उठणाऱ्याने प्रत्येक चालू फाईलबद्दल एक ओळ लिहून उठायचं. ती वही टिकली, तिचा ध्यानाशी काही संबंध नाही म्हणाल तर नाही, पण निवांत जेवता येणं त्या एका ओळीवर अवलंबून होतं.

चौथी, एक छोटा कागद. दिवसभरात कधीही खांदे वर गेले, जबडा आवळला, पोटात गोळा आला असं लक्षात आलं की एक खूण करायची आणि शेजारी दोन शब्दांत काय चाललं होतं ते लिहायचं. हा कागद एचआरला द्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. याचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी दोन अवघड प्रसंग आले ते.

दोन वळणं

डेस्कवर एक तरुण मुलगा होता. एका सकाळी आम्ही पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याचा सराव घेत होतो, छातीशी आल्यावर तो एकदम उठून बाहेर गेला. नंतर पार्किंगमध्ये भेटला, घाम आलेला, हात थरथरत होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील ऑक्सिजनवर असताना गेले होते आणि श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की त्याला तेच ऐकू यायचं. ध्यान म्हणजे नुसतं शांत वाटणं असं समजून शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, काही लोकांना आत बघितलं की जे दिसतं ते झेपत नाही. इथे पर्याय दोन होते, हळूहळू सवय होईल म्हणून त्याला बसवत राहायचं किंवा थांबायचं. आम्ही थांबलो. त्याला सांगितलं की तू श्वासाचा सराव करूच नको, डोळे उघडे ठेव, हँडरबचं जमतंय का बघ, नाहीतर तेही नको. आणि हॉस्पिटलच्या बाहेरच्या समुपदेशकाकडे जायची सोय करून दिली, खर्च हॉस्पिटलचा. रात्री-अपरात्री त्रास झाला तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हँडरब त्याने चालू ठेवला. सकाळच्या बैठकीला तो चहा घेऊन बाहेर थांबायचा आणि कोणी काही म्हणायचं नाही.

दुसरं वळण ताईंचं. महिना-दीड महिना झाला, त्यांना झोप बरी लागायला लागली, आणि त्यांनी बीपीची गोळी बंद केली, आता ध्यान करतेय ना म्हणून. हे आपल्याकडे फार होतं. त्याच तिरकस फिजिशियननी कॉरिडॉरमध्ये गाठून बीपी मोजलं, आकडा दाखवला आणि म्हणाले, "ताई, गोळी आणि ध्यान यांचं भांडण नाहीये, दोघांना एकत्र नांदू द्या." गोळी परत सुरू झाली. पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, ताईंची परवानगी घेऊन, की या सरावाने कुठलंही औषध बंद होत नाही, कमी करायचं तरी डॉक्टर करतील.

कागदावरच्या खुणा

आता त्या कागदाकडे. सगळ्यांना वाटलं होतं की खुणा पडतील त्या नातेवाईक ओरडताना. तशा होत्याही. पण पाचही जणांनी स्वतःहून कागद एकत्र ठेवून बघितले तेव्हा सगळ्यात जास्त खुणा होत्या सकाळी साडेदहा ते अकरा, जेव्हा काउंटरवर कोणी ओरडत नसतं. शेजारी लिहिलेलं, 'वॉर्डातून फोन', 'तिसऱ्या मजल्याचा फोन', 'डिस्चार्ज सांगितला, समरी नाही'. म्हणजे अंग आवळायला सुरुवात व्हायची ती फोनच्या रिंगला, पुढचे सहा तास कसे जाणार हे त्यांना तेव्हाच कळलेलं असायचं. दुपारी ज्या आजी किंवा काका समोर यायचे ते सकाळी भरून ठेवलेल्या माणसासमोर यायचे.

हे त्यांना आधी माहीत नव्हतं का? होतंच. पण 'लोक फार त्रास देतात' या एका वाक्यात सगळं गुंडाळलेलं होतं, आणि त्या वाक्यावर मॅनेजमेंट काय करणार, लोक तर येणारच. वेळेसकट, कारणासकट कागद समोर आल्यावर गोष्ट वेगळी झाली. ताईंनी तो कागद आपणहून ॲडमिन सरांना दाखवला आणि मागितलं काय, तर शांती नाही, समरी. डिस्चार्ज ज्यांचा होणार त्यांची समरी आदल्या रात्री आरएमओने, म्हणजे हॉस्पिटलातल्या ड्यूटी डॉक्टरने, कच्ची तयार ठेवायची, न वापरलेली औषधं रात्रीच रिटर्न करायची.

डॉक्टरांचा विरोध झाला आणि तो खोटा नव्हता. "आदल्या दिवशी कसं सांगू, रात्री ताप आला तर?" एक सर्जन तर म्हणाले, माझ्या पेशंटचा डिस्चार्ज काउंटर ठरवणार का आता. दोन-तीन बैठका गेल्या. शेवटी 'संभाव्य' असा शब्द टाकून यादी करायचं ठरलं, संध्याकाळच्या राउंडनंतर सिस्टर ती यादी डेस्कला पाठवतात, सकाळी डॉक्टरने फक्त पक्कं करायचं.

आणि नातेवाईकांना एक चिठ्ठी द्यायला सुरुवात झाली. तिच्यावर घड्याळातल्या तीन वेळा: समरी मिळाली, विनंती पाठवली, इथून तीन तास म्हणजे इतके वाजेपर्यंत. साधी फोटोकॉपी, हाताने भरलेली. आता 'तीन तास झाले' म्हणणाऱ्याच्या हातात तीन तास कधीपासून ते लिहिलेलं असतं. आणि कंपनीकडून उशीर झाला तर ते भांडण तिकडे, हेल्पलाइनवर, योग्य जागी जातं.

परिणाम

इथे आकडेवारी देऊन टाकायचा मोह होतो पण देणार नाही, कारण सुरुवातीला कोणी काही मोजून ठेवलेलंच नव्हतं. जे दिसलं ते सांगते.

डेस्कबद्दलच्या लेखी तक्रारी कमी झाल्या. ते वीस सेकंदांमुळे की चिठ्ठीमुळे, वेगळं काढता येत नाही, माझा कौल चिठ्ठीकडे जास्त. ताईंचं बीपी ताब्यात आलं, पण त्यात गोळी आहे, वेळेवर डबा आहे, लोणचं-पापड कमी केलेत, ध्यान आहे, श्रेय कोणाला द्यायचं? त्या स्वतः म्हणतात की घरी गेल्यावर मुलीवर ओरडणं कमी झालं, आणि हे मुलीने सांगितलं, मला कळलं नव्हतं. फाईलवरचं नाव घेऊन बोलायची सवय तिघांना लागली, 'क्वेरीवाला' हा शब्द अजून ऐकू येतो पण कमी.

सकाळची बैठक मात्र टिकली नाही. पावसाळा सरता सरता डेंग्यूची गर्दी झाली, कॉरिडॉरमध्ये एक्स्ट्रा बेड लागले, बैठक आधी पाच मिनिटांची झाली, मग आठवड्यातून दोनदा, दिवाळीनंतर बंदच. हँडरब टिकला, वही टिकली. म्हणजे कामाच्या हालचालीत जे मिसळलं ते राहिलं आणि ज्याला खुर्च्या गोल मांडाव्या लागत होत्या ते गेलं. शिकवणारी म्हणून मला वाईट वाटलं, पण शंभर बेडच्या हॉस्पिटलात ते स्वाभाविक आहे.

पाचांपैकी एकीने नोकरी सोडली. जाताना म्हणाली, ते कागद लिहून लिहून माझ्या लक्षात आलं की मला हे कामच नकोय. एचआर मॅडमना हे अपयश वाटलं. मला तसं वाटत नाही, पण तिच्या जागी दोन महिने कोणी मिळालं नाही आणि तो भार उरलेल्या चौघांवर पडला, हेही खरं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच दोन-तीन साध्या गोष्टी लिहून ठेवायला हव्या होत्या: रजा किती, तक्रारी किती, डबा किती वाजता खाल्ला. मग वर 'माझा कौल' असं म्हणायची वेळ आली नसती.

कुणाला श्वासाचा, अंगाकडे लक्ष द्यायचा त्रास होऊ शकतो का हे आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलून बघायला हवं. त्या मुलाचा प्रसंग पार्किंगपर्यंत जायला नको होता. कोविडनंतर हॉस्पिटलच्या स्टाफसोबत काम करताना तर हे धरूनच चालावं.

वरच्या लोकांचं ट्रेनिंग झालंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात कामाच्या रचनेतले बदल आणि मॅनेजरचं ट्रेनिंग हे कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक उपायांसोबतच येतात. आपल्याकडे क्रम उलटा, आधी कर्मचाऱ्याला श्वास घ्यायला शिकवायचं आणि मग जमलं तर बाकीचं. या प्रकरणात समरीचा बदल झाला तो ताई कागद घेऊन केबिनमध्ये गेल्या म्हणून. त्या गेल्या नसत्या तर? चौथ्या महिन्यात आम्ही प्रमाणपत्रं वाटून निघून गेलो असतो आणि वॉर्डातले फोन साडेदहाला तसेच वाजत राहिले असते.

माणूस वाढवण्याचा मुद्दा परत निघाला, यावेळी मिनिट्समध्ये आला. अर्धवेळ एक जण मिळाला आहे, सोमवार-मंगळवारसाठी.

रात्रपाळीचं काहीच झालेलं नाही. रात्री काउंटरला एकच जण असतो, इमर्जन्सीत आलेल्या माणसाकडून डिपॉझिट मागायचं काम त्याचंच, आणि कोणी अंगावर आलं तर शेजारी फक्त सिक्युरिटीचे काका. हे दोघे आमच्या एकाही बैठकीला नव्हते कारण बैठक सकाळी होती आणि ते सकाळी घरी झोपायला जायचे. ॲडमिन सर म्हणाले पुढच्या बजेटमध्ये बघू. ताईंनी तोपर्यंत रात्रीच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि फाईलची वही ठेवायला सुरुवात केलीये, आणि डिपॉझिट किती, कशासाठी, परत कधी मिळणार हे लिहिलेला एक कागद काचेला आतून चिकटवलाय, म्हणजे निदान तेवढं तरी रात्रपाळीच्या त्या एकट्याला तोंडाने सांगावं लागत नाही.